दौत त्यांची, पेन आपले

मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलाने विचारले, "ताई, तुम्ही अजून शाईचे पेन का वापरता? तो तर पैसेवाल्यांचा शौक आहे." त्याने मोबाईलवर व्हिडिओ पाहिले होते. त्यात पाच-पाच हजारांची पेने मखमलीच्या डबीतून काढतात आणि हातमोजे घालून दाखवतात. माझे पेन दीडशे रुपयांचे आहे. त्याच्या टोपणाची क्लिप दोनदा तुटली, एकदा मी ती तारेने बांधली. पण मुलाला फक्त किंमत सांगून भागले नसते, कारण त्याच्या प्रश्नात एक गृहीतक होते: चांगली लेखणी ही 'त्यांची' वस्तू, आपण आपला पाच रुपयांचा बॉलपेन घ्यावा आणि परीक्षेचा फॉर्म भरावा. हे गृहीतक फार जुने आहे, म्हणून हा लेख.

मी ज्या भागात काम करते तिथून सुपे जवळ आहे. बारामती तालुक्यातले, बाजाराचे गाव. १२ मे १८७५ रोजी या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि मागितले काय, तर कागद. कर्जरोखे आणि खतावण्या. जिथे सावकाराने कागद काढून दिले तिथे बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. कागद तेवढे जाळले गेले. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासाच्या पुस्तकात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. हे बंड प्रामुख्याने कुणब्यांचे होते, ते आपल्या नावावर घेण्याचे कारण नाही. पण त्यातून जे दिसते ते आपल्या कामाचे आहे. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनाही पक्के ठाऊक होते की आपल्याला गळफास लावला आहे तो शाईने. रोख्यावर रक्कम किती घातली, व्याज कोणत्या दराने लावले, मुदत कधीची, हे सारे लिहिणारा एक आणि अंगठा देणारा दुसरा.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये कायदा केला. शेतकऱ्याचे दस्त आता ग्रामनिबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिले जावेत अशी त्यात तरतूद होती. सुधारणा होती, नाही म्हणत नाही. पण नीट पाहा: एक लिहिणारा बाजूला सरकवून दुसरा बसवला. शेतकऱ्याच्या हातात लेखणी आलीच नाही.

गावगाड्यात आपली जागा तर त्याहून खाली. कुलकर्णी हा वतनदार लेखनिक. जमिनीची नोंद, साऱ्याची पावती, बाकी, सगळे त्याच्या दप्तरात. महारही वतनदार, पण त्याचे काम सरकारी निरोप आणि कागद पोहोचवणे, साऱ्याच्या रकमेबरोबर तालुक्यापर्यंत चालत जाणे. शिवेचा तंटा झाला की शीव कुठून जाते हे सांगायचा मान महाराचा, कारण ती त्याच्या पायाला माहीत. ती कागदावर कुठून जाते हे मात्र कुलकर्णी ठरवणार. कागद वाहायचा आम्ही, लिहायचा त्यांनी. जोतीराव फुल्यांनी भटकुळकर्ण्यांसाठी 'कलमकसाई' हा शब्द वापरला तो रागाच्या भरात सुचलेली शिवी म्हणून नाही. तो त्या व्यवस्थेचा नेमका धंदा सांगणारा शब्द आहे. पुढे कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले, तेव्हा इतका आकांत का झाला हे यावरून कळते. गेली ती नुसती जमीन नव्हती, दप्तर गेले.

आता लेखणीकडे येते. बोरू म्हणजे वेताची किंवा बरूची काडी तिरपी कापून केलेली. नंतर टाक आला, म्हणजे लाकडी दांडीला लोखंडी निब. दोन्हीला दौत लागते. दर चार-सहा शब्दांनी बुडवायचे, निथळायचे, लिहायचे, टीपकागद दाबायचा. याचा अर्थ लिहायला बसायला जागा हवी. घर हवे, ओसरी हवी, कचेरी हवी, किंवा शाळेतला बाक हवा. उभ्याने, वाटेत, बांधावर, गिरणीच्या दारात दौतीने लिहिता येत नाही. आणि जिथे पाण्याचा माठ बाटतो, तिथे चार जणांत एक ठेवलेली दौत बाटणार नाही असे कोण म्हणेल? साताऱ्याच्या शाळेत बालपणीचे बाबासाहेब स्वतःचे गोणपाट घेऊन जात आणि त्यावर वेगळे बसत. शाळा झाडणारा नोकरदेखील त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे लागे. काही शिक्षक त्यांच्या वह्यांनाही शिवत नसत. ज्या शाळेत वही बाटते तिथे लेखनाचे साहित्य कधीच नुसते साहित्य नसते.

शाई पोटात घेऊन चालणारे पेन हा म्हणूनच मोठा बदल होता. न्यूयॉर्कच्या वॉटरमनने १८८४ साली पेटंट घेतले ते अर्थातच आपल्यासाठी नाही. आपल्याकडे ही पेने आली ती साहेब, वकील, डॉक्टर यांच्या खिशात, आणि परदेशी किमतीत. पण वस्तू बनवणाऱ्याचा हेतू एक असतो आणि ती हातात आल्यावर माणसे तिचे काय करतात ते वेगळे. दौत फुटली, म्हणजे लेखनाला चिकटलेली बैठकही सुटली.

मात्र एक गैरसमज नको. पेन आले आणि मग आपण लिहू लागलो, असे झालेले नाही. मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला तेव्हा वॉटरमनच्या पेटंटला एकोणतीस वर्षे अवकाश होता. गोपाळबाबा वलंगकरांचे 'विटाळ विध्वंसन' १८८८ चे. त्याच वर्षी जोतीरावांची उजवी बाजू पक्षाघाताने लुळी पडली, तर त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहून काढले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' काढले आणि १९१० मध्ये दख्खनच्या महारांचा अर्ज थेट लंडनला, भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे पाठवला. लष्करात आणि पोलिसांत भरती करा, सरकारी नोकरीचे दार उघडा, ही मागणी. अर्ज हा शब्द आज आपण तुच्छतेने घेतो. त्या काळी ज्याचा अर्जसुद्धा कुलकर्ण्याकडून लिहून घ्यावा लागे, त्या समाजाने कुलकर्ण्याला वळसा घालून विलायतेला लिहिले, यात केवढी झेप आहे ते पाहा.

मग बाबासाहेब. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक', ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत'. दुसऱ्या पत्राच्या वेळी महाडचे पाणी पेटलेले, सनातन्यांच्या वर्तमानपत्रांत रोज गरळ. पत्राला ना पगारी संपादक, ना लेखकांची फौज. अंकाचे चोवीसच्या चोवीस रकाने एकट्याने लिहून काढण्याची पाळी आपल्यावर आली, असे त्यांनी स्वतः नोंदवून ठेवले आहे. चोवीस रकाने! एकीकडे वकिली, एकीकडे शिकवणे, सभा, सत्याग्रहाची तयारी, आणि रात्री हे लेखन. आपण बाबासाहेबांना 'विद्वान' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर पदव्या येतात. माझ्या डोळ्यांसमोर तो दुखणारा हात येतो. हे शेवटपर्यंत थांबले नाही. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही 'द बुद्ध अँड हिज धम्म'च्या प्रस्तावनेचे कागद आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे त्यांनी नजरेखालून घालण्यासाठी मागून घेतली होती.

गावोगावच्या पुतळ्यांत निळा कोट, हातात ग्रंथ, वर केलेले बोट आणि खिशाला पेन असते. बोटावर आणि कोटावर पुष्कळ लिहिले गेले, पेनावर फारसे नाही. माझ्या आजोबांना सहीपुरतेच लिहिता येत होते. तरी बाजाराला निघताना सदऱ्याच्या खिशाला पेन लावल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. गावात त्यांची टिंगल व्हायची: "काय रे, कलेक्टर झालास का?" लहानपणी मलाही त्याची लाज वाटायची. समाजशास्त्र शिकायला गेले तेव्हा 'प्रतीक' वगैरे शब्द हाती आले आणि लाज गेली. पण आता वाटते, तो शब्दही अपुराच होता. अंगठ्याला जी शाई लावली जाई ती दुसऱ्याच्या मालकीची होती. खिशातले पेन स्वतःचे होते. त्या पेनाने त्यांनी आयुष्यात बहुधा पन्नास सह्या केल्या असतील, पण त्या पन्नास वेळा त्यांनी कोणाकडे पेन मागितले नाही.

इथे एका जुन्या कुरापतीचा समाचार घेणे भाग आहे. दर २६ जानेवारीला एक मेसेज फिरतो: "संविधान आंबेडकरांनी लिहिलेच नाही, ते प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी लिहिले." आपली पोरे यावर एकतर शिव्या देतात किंवा गोंधळतात. दोन्हीची गरज नाही. रायजादा हे सुलेखनकार होते. संविधानाची इंग्रजी मूळ प्रत त्यांनी टाकाने, सुंदर तिरप्या अक्षरांत लिहिली. पानांची सजावट नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी हाताने लिहिली. हे मोठे कारागीर, त्यांच्या श्रमाचा आदर आहेच. पण मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ ला नेमली गेली, ती १४१ दिवस बसली, तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते, आणि संविधान सभेत एकेका कलमावरच्या दुरुस्त्यांना उत्तरे देत ते उभे राहिले. अक्षर काढणे आणि आशय ठरवणे यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने कुलकर्ण्याचे दप्तर आठवावे. तिथे लिहिणाराच आशय ठरवत होता, म्हणून तो कसाई होता. १९४९ मध्ये प्रथमच असे झाले की अक्षर काढणारा एक, आणि कोणते अक्षर काढायचे हे ठरवणाऱ्या समितीच्या खुर्चीत साताऱ्याच्या गोणपाटावरचा मुलगा. हा मेसेज फिरवणाऱ्यांना नेमके तेच खुपते.

उलट बाजूने आपलेही चुकते. 'बाबासाहेबांनी याच पेनाने घटना लिहिली' असे सांगत महागडी पेने खपवणारे निघाले आहेत. मसुदे टाइप होत होते, सुलेखन टाकाने झाले. 'घटनेचे पेन' ही दुकानदारांची भक्ती. तिला हात जोडू नका.

परवडणाऱ्या पेनाचा इतिहास याहून साधा आहे. १९३१ मध्ये दांडेकरांनी मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या 'हॉर्स ब्रँड' नावाने विकायला सुरुवात केली. तेच पुढचे कॅम्लिन, ज्याची उंटाच्या चित्राची शाईची बाटली आपल्यापैकी बहुतेकांच्या दप्तरात कधी ना कधी सांडली आहे. आंध्रात राजमहेंद्रीला के. व्ही. रत्नम यांनी एबोनाइटची स्वदेशी पेने घडवली, गांधींनी १९३५ मध्ये त्यांना पसंतीचे पत्र पाठवले. पेनांचे शौकीन ही गोष्ट हमखास सांगतात. पेन कोणत्या पुढाऱ्याला भेट मिळाले हे त्यांना पाठ असते. ते स्वस्त झाल्यावर कोणाकोणाच्या हातात गेले हे सांगायला कोणी बसत नाही. देशी कारखान्यांमुळे शाईचे पेन शाळकरी पोरांच्या आवाक्यात आले. बाबासाहेबांनी मुंबईत १९४६ ला सिद्धार्थ आणि औरंगाबादेत १९५० ला मिलिंद सुरू केले. या महाविद्यालयांत आपली पहिली मोठी पिढी नोट्स काढायला बसली ती बॉलपेन सर्रास होण्याच्या आधी.

मग बॉलपेन आला आणि त्याने लेखन आणखी स्वस्त केले. त्याच्याशी माझे भांडण नाही. 'एक वही, एक पेन' अभियानात चैत्यभूमीवर फुले-मेणबत्त्यांऐवजी जी पेने जमतात ती बहुतेक बॉलपेनेच असतात, आणि ती दुर्गम शाळांपर्यंत पोहोचतात हे मी पाहिले आहे. कार्बन घालून तीन प्रती काढायच्या तर बॉलपेनच हवा. शाईच्या पेनाला तेवढा दाब सोसत नाही. सरकारी फॉर्मच्या पातळ कागदावर शाई फुटते. पावसात भिजलेला निळ्या शाईचा अर्ज म्हणजे निळे डबके. म्हणून बाहेर द्यायचा कागद मी बॉलपेनाने किंवा पाण्याने न जाणाऱ्या काळ्या शाईने लिहिते.

तरी रोजच्या लेखनाला शाईचे पेन, आणि याचे कारण मला आमच्या प्रौढ साक्षरता वर्गात सापडले. साठीच्या एक आजी, हयात खुरपे धरण्यात गेली. बॉलपेन हातात दिला की खुरप्यासारखा आवळून धरायच्या, कागद फाटायचा, पाचव्या ओळीला मनगट धरायचे. मी माझे पेन दिले. पहिल्या आठवड्यात दोन निबा वाकल्या, माझा जीव खालीवर झाला. मग त्यांच्या लक्षात आले की याला दाबायचे नसते, नुसते टेकवायचे, शाई आपणहून उतरते. "हे काय, हे तर आपसूक चालतंय," म्हणाल्या. आता पानभर लिहितात. मलाही वर्षानुवर्षे रोज तीन-चार पाने नोंदी लिहायच्या असतात, माझेही मनगट त्यामुळेच टिकले आहे.

खर्चाचे म्हणाल, तर शंभर-दोनशे रुपयांत चांगले पेन मिळते. ड्रॉपरने थेट शाई भरायचे घ्या, त्यात शाई जास्त मावते. साठ मिलीची बाटली मला चार-पाच महिने जाते. पंधरा दिवसांतून एकदा साध्या पाण्याने धुवा, गरम पाणी नको. निब अडली तर ब्लेड घालू नका, रात्रभर पाण्यात ठेवा. पेन अर्ध्याच्या खाली रिकामे झाले की गळू शकते, तेव्हा वेळेवर भरा. पांढऱ्या साडीवर आणि पांढऱ्या सदऱ्यावर हा धडा मी आणि माझ्या नवऱ्याने वेगवेगळा शिकला आहे.

नोंदी कसल्या, हे सांगते. काही वर्षांपूर्वी एका बाईबरोबर फिर्याद द्यायला गेले होते. तिला भर चौकात जातीवरून बोलले गेले, मारहाण झाली. तिने सगळे तोंडी सांगितले, समोरच्याने टाइप केले, तिने सही केली. बाहेर येऊन मी प्रत वाचली तर जातीचा शब्द गायब. 'शिवीगाळ' एवढेच. सुपे १८७५ ला नव्हे, आपल्या काळात. अत्याचार प्रतिबंध कायद्याला २०१५ मध्ये जी दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, तिच्या कलम ४ मध्ये स्पष्ट आहे: तोंडी दिलेली माहिती लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी ती फिर्यादीला वाचून दाखवणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य, आणि तिची प्रत लगेच देणेही. हयगय केली तर शिक्षा आहे. त्या दिवशी कायदा मला पाठ होता. पण त्या बाईचे मूळ शब्द कोणाकडेच लिहिलेले नव्हते, माझ्याकडेही नाही. पुरवणी जबाब नोंदवून घ्यायला सतरा दिवस गेले.

तेव्हापासून ठाण्यात जायच्या आधी आम्ही बसतो. तारीख, वेळ, जागा, कोण कोण उभे होते, आणि नेमका कोणता शब्द उच्चारला गेला, हे शक्य तर ज्याच्यावर बेतले त्यानेच स्वतःच्या हाताने लिहायचे. नाही जमले तर घरातल्या शिकणाऱ्या मुलीने. आत वाचून दाखवले जाते तेव्हा तो कागद मांडीवर उघडा ठेवायचा आणि ओळीला ओळ लावून ऐकायचे. मोबाईलवर का नाही? ठेवा ना, फोटोही काढा. पण अनेकदा आत जाताना मोबाईल बाहेर ठेवायला सांगतात. वही ठेवायला अजून कोणी सांगितलेले नाही. आणि ज्याला रोज पानभर लिहायची सवय नाही त्याला त्या दिवशी, हात थरथरत असताना, ते जमत नाही हे मी अनेकदा पाहिले आहे.

बारामतीहून नीरा ओलांडली की फलटण. तिथे बेबीताई कांबळे छोटे दुकान चालवत. दुकानात रद्दी म्हणून आलेली वर्तमानपत्रे वाचत आणि लिहीत. घरच्यांच्या नजरेपासून लपवून, वर्षानुवर्षे. त्या लपवलेल्या कागदांचे 'जिणं आमुचं' झाले. जवळ जागा नाही, वेळ नाही, परवानगी नाही, आणि तरी लिहिणे चालू. त्यांच्यापुढे 'वेळ मिळत नाही' म्हणायची मला हिंमत होत नाही.

त्या मुलाला मी हे सगळे एका दमात सांगितले नाही, कंटाळला असता. माझे पेन त्याच्या हातात दिले आणि आमच्या मागच्या बैठकीचा वृत्तान्त लिहायला बसवले. पहिली ओळ कोरडी गेली, दुसरीला ठिपका पडला. तिसऱ्या ओळीपासून तो बोलायचा थांबला. आता दर बुधवारी संध्याकाळी अभ्यासिकेत शाईची बाटली मधे ठेवलेली असते आणि सात-आठ जणांत ड्रॉपर एकच फिरतो. खालच्या सतरंजीवर निळे डाग पडले आहेत. ते धुवायचे कोणी, यावरून सध्या भांडण चालू आहे.